तालुका शिल्लक नव्हता म्हणून आल्बेनिया

आल्बेनिया या देशाशी माझा संबंध आला तो उमरेड तालुका दुसऱ्याच्या नावावर होता म्हणून. हे वाक्य ऐकून लोक आधी हसतात आणि मग माझ्याकडे जरा काळजीने पाहतात. पण ज्यांनी सत्तरच्या दशकात नागपुरात भूगोलाचं संशोधन केलं आहे, त्यांना यात काही वावगं वाटणार नाही.

मी ज्या कॉलेजात एम.ए. झाले आणि पुढे संशोधनाला लागले, तिथल्या भूगोल विभागात सगळ्या जिल्ह्याची वाटणी होऊन गेली होती. संशोधकांच्या खोलीत भिंतभर नकाशा होता आणि प्रत्येक तालुक्यात टाचणीला चिकटवलेली एक कागदी झेंडी. झेंडीवर आडनाव. एक तालुका, एक पीएच.डी., असा आमच्या सरांचा, म्हणजे विभागप्रमुखांचा, कायदा होता. माणसांना हाकासुद्धा तालुक्यावरून मारत. काटोल चहाला गेलेत, रामटेकच्या मुलीचं बारसं आहे, सावनेरला जावई फार चांगला मिळाला. काटोलवाल्यांनी एकदा चुकून सावनेरच्या एका नदीबद्दल दोन ओळी लिहिल्या, तर दोघांमध्ये बोलणं बंद झालं आणि सरांना दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवावा लागला. कौरव-पांडवांनी जेवढा विचार केला नसेल तेवढा विचार आमच्याकडे सुईच्या अग्रावरच्या जमिनीचा होत असे.

प्रबंध लिहायची रीतही ठरलेली होती. तिला सांगाडा म्हणत. आधीच्या माणसाचा टंकलिखित प्रबंध समोर ठेवायचा, आपल्या तालुक्याचे आकडे सरकारी पुस्तकातून काढून तक्त्यांत भरायचे, आणि बाकी मजकुरात जुन्या तालुक्याच्या जागी नवा तालुका घालायचा. हे शेवटचं काम टंकलेखकाचं. त्याला नुसती दोन नावं सांगितली की झालं. त्यामुळे काटोलचा एक नाला सावनेरच्या प्रबंधात शिरला आणि तिथून पुढे कितीतरी वर्षं तालुक्यामागून तालुके ओलांडत वाहत राहिला. त्याला कुणी अडवलं नाही. परीक्षकही सांगाड्यातूनच वर आलेले होते.

मला उमरेड हवं होतं. माझं आजोळ त्या तालुक्यात, कोळशाच्या उघड्या खाणीच्या तोंडाशी. खाण दरवर्षी थोडी थोडी गावाकडे सरकत होती. दुपारी सुरुंग उडाले की मामाच्या घरच्या फडताळातली भांडी वाजायची आणि दोरीवरच्या धोतरावर काळी पूड बसायची. गाव उठणार हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त कधी ते सांगायला कुणी तयार नव्हतं. गाव जायच्या आत मला ते कागदावर उतरवायचं होतं: कुणाचं घर कुठे, कोणत्या विहिरीचं पाणी गोड, कोणत्या वावराला काय म्हणतात, विणकरांच्या घरात मागाचे खड्डे कुठे आहेत. एवढंच. यासाठी मी संशोधनाला लागले होते. डॉक्टर म्हणवून घ्यायची हौस मला तेव्हाही नव्हती.

"उमरेड गेलं," सर म्हणाले. कापडाच्या दुकानात शेवटचं ठाण विकलं गेल्यावर सांगतात तसं.

उमरेडवर झेंडी होती सरांच्या एका लाडक्या विद्यार्थ्याची. पुढे तो त्यांचा जावई झाला, म्हणून मी त्याला इथे जावईच म्हणते. जावई उमरेडला एकदा गेला होता. एस.टी.ने गेला, स्टँडवर आलुबोंडा खाल्ला, आणि तीच गाडी परत फिरली तेव्हा तिच्यातच बसून नागपूरला आला. ही हकीकत तो स्वतःच सांगायचा, आणि तीही आलुबोंडा किती चांगला होता हे सांगण्यासाठी.

आल्बेनिया कसा निघाला, तेही ऐकण्यासारखं आहे. त्या देशातून आमच्या विभागाला एक गुळगुळीत रंगीत मासिक फुकट येत असे. कुणी वाचत नसे, पण कागद झकास, म्हणून ते प्राध्यापकांच्या घरी मुलांच्या वह्या-पुस्तकांना कव्हर घालायला जायचं. एका रविवारी सरांच्या धाकट्या मुलीच्या अंकगणिताच्या पुस्तकावर त्यांना डोंगर दिसला. डोंगराच्या पायथ्याशी डोक्याला पांढरं फडकं बांधलेल्या बाया गवत कापत होत्या. सरांनी कव्हर उलगडून खालचा मजकूर वाचला आणि सोमवारी मला बोलावलं.

"हा प्रदेश कुणी केलाय?"

"कुणी नाही, सर."

"जगाचं मी सांगत नाही. पण विदर्भात तर नक्कीच कुणी केलेला नाही. घे."

विषय ठरला: ईशान्य आल्बेनियातल्या ल्युमा या सीमावर्ती ग्रामीण प्रदेशाचा भूगोल आणि इतिहास. नकाशात जागा नव्हती, म्हणून माझी झेंडी सरांनी खिडकीच्या चौकटीत टोचली. तिथून पुढे बाहेरचं सायकल स्टँड सुरू व्हायचं.

आम्ही नागपूरच्या महाल भागात राहायचो. वडील सरकारी कचेरीत कारकून होते, त्यांना पदवी कोणत्या देशाची यापेक्षा पगार किती वाढेल यात रस होता. आईचं तसं नव्हतं.

"आल्बे... काय म्हणते वं?"

"आल्बेनिया. युरोपात आहे. डोंगराळ."

"थ्या लोकायचं गाव बी उठून राहिलं का?"

"माहीत नाही."

"मंग तिकडे काहून जाऊन राहिली? आपलं उठून राहिलं, थे पाह्य ना आधी."

तिला झेंडीचा कायदा समजावून सांगायचा मी प्रयत्न केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि "येडे हायेत का थे लोक?" एवढंच विचारलं.

मी अभ्यासाला लागले, ती रागारागानेच. ग्रंथालयात धुळीत पडलेली जुनी प्रवासवर्णनं काढली, जुने नकाशे भिंग लावून वाचले. आणि मग माझी पंचाईत झाली, कारण मला ल्युमाची माया लागली. पूर्वेकडून पांढरी द्रिन नदी येते, दक्षिणेकडून काळी, आणि कुकेस नावाच्या गावापाशी दोघी भेटतात. भोवती उंच डोंगर. खाली मका पिकवायचा, उन्हाळ्यात मेंढ्या वर न्यायच्या. बाजाराला जायचं ते प्रिझरेनला, कारण तेच जवळचं मोठं गाव. पिढ्यान्पिढ्या लोकर तिकडे विकली, मीठ तिकडून आणलं, मुली तिकडे दिल्या. मग तुर्कांची सत्ता गेली आणि मोठमोठ्या देशांचे वकील, म्हणजे राजदूत, लंडनमध्ये एका टेबलाभोवती बसले. ल्युमा त्यांच्यापैकी कुणी पाहिला असेल असं मला वाटत नाही. त्यांनी रेघ मारली. घर रेघेच्या या बाजूला राहिलं आणि बाजार त्या बाजूला गेला. पुढे सरहद्द पार बंदच झाली, बंदूकवाले शिपाई उभे राहिले, आणि सख्ख्या बहिणींना एकमेकींच्या गावचा धूर दिसायचा पण गाव दिसत नसे. हे वाचताना मला त्या टेबलावर बसलेल्यांमध्ये आमचे सर स्पष्ट दिसत. एका हातात टाचण्या, दुसऱ्या हातात झेंड्या.

नंतर त्या फुकटच्या मासिकात धरणाचे फोटो आले. नव्या धरणाच्या पाण्यात जुनं कुकेस बुडालं होतं आणि वरच्या पठारावर नवं कुकेस उभं राहिलं होतं. सरळ रस्ते, एकसारख्या इमारती, गच्चीत हसणारं कुटुंब. जुन्या गावाबद्दल चकार शब्द नव्हता. मी ते आईला दाखवलं. तिने हसणाऱ्या कुटुंबाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "यायले कोणीतरी हासाले सांगतलं दिसते."

सरांची मात्र माझ्या अभ्यासावर चैन झाली. मी आणून दिलेली टिपणं वाचून ते बघता बघता आल्बेनियाचे जाणकार झाले. महालातल्या एका व्याख्यानमालेत त्यांचं भाषण ठेवलं होतं. एप्रिलचा उकाडा, पंखा घरघरतोय, आणि सर ल्युमाच्या खिंडीतल्या वाऱ्याचं वर्णन करता करता चक्क खांद्यावरचं उपरणं आवळून घेत होते. पहिल्या रांगेतल्या एका निवृत्त गृहस्थांनी शेवटी विचारलं, "आपण स्वतः गेला होतात का?"

"देश बंद आहे," सर म्हणाले. "पण भूगोल कधी बंद नसतो."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण माझ्या शेजारी जावई बसला होता आणि तो माझ्या हातांकडे बघत होता.

विभागाचा आणखी एक नियम होता. प्रत्येक प्रबंधात प्रत्यक्ष पाहणीचं एक प्रकरण पाहिजे. आल्बेनियात तर जाता येत नव्हतं. मला संधी दिसली. मी सरांना म्हटलं, बुडालेल्या कुकेसशी तुलना करायला उठणारं एखादं गाव घेते, उमरेड तालुक्यात एक आहे. सरांना तुलना हा शब्द आवडायचा. पण तालुका त्यांचा नव्हता. "मालकाची परवानगी घे," ते म्हणाले.

तेव्हा मी माझ्या आजोळी जायची परवानगी मागायला जावयाकडे गेले. तो संशोधकांच्या खोलीत बसून स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालत होता. त्याने मान वर न करता थोडा विचार केला.

"जा ना मॅडम. आपल्याला काही प्रॉब्लेम नाही. फक्त उमरेडात जे सापडेल ते उमरेडचं."

"म्हणजे?"

"म्हणजे माझं. पण काळजी करू नका, शेवटी प्रबंधात छापूनच येणार ना? बायंडिंग होणार, ग्रंथालयात राहणार."

याच एका वाक्यावर मी भुलले. माझ्या नावाने नाही तर नाही, गाव कुठेतरी बांधलेल्या पुस्तकात राहील. कुणी शंभर वर्षांनी उघडलं तर सापडेल. मला तेवढं पुरे होतं, आणि मी खरंच त्याचे आभार मानले.

त्या हिवाळ्यात मी सुट्टी मिळेल तेव्हा एस.टी.ने जात होते. मामा माझ्याबरोबर गावभर फिरायचा. त्याला दाखवायचं म्हणजे बोटाने दाखवायची सवय. "हे बोरीचं वावर. हा म्हातारीचा तुकडा. इथून गाडरस्ता जाते." जे उरलं नव्हतं तेही दाखवायचा. "इथी चिंच होती. इथी कोष्ट्याचं घर होतं, थे लोक नागपूरले गेले." मी जाड ड्रॉइंग कागदावर एकेक घर घालत गेले. गावाला आधी गंमत वाटली, मग गाव गंभीर झालं. एकाला आपल्या घरावरची नवी टिनं नकाशात दिसायला हवी होती. एक म्हातारी म्हणाली, माह्या मेलेल्या पोराची खोली घाल, आता तिथे गवत ठेवते पण खोली त्याचीच आहे. मी घातली.

दोन भाऊ होते, धुऱ्यावरून भांडून वेगळे झालेले, एकमेकांशी न बोलणारे. दोन वावरांमधला हातभर बांध, त्यावरून त्यांची पोरं कोर्टात जात होती. मी त्यांच्या शेतांवर आले तशी दोघंही दोन बाजूंनी येऊन माझ्या पेन्सिलीकडे बघत उभे राहिले. अख्खं शेत खाणीत जाणार होतं, बांधासकट, आणि हे दोघं रेघ कुणाच्या बाजूला झुकते ते पाहत होते. मी पेन्सिलीला पुन्हा टोक काढलं. त्या लंडनच्या टेबलावरच्या वकिलांच्या पेन्सिलीकडे असं कुणी बघत होतं का कोण जाणे. शेवटी मी रेघ बांधावरच्या बोराटीच्या झुडपांच्या मधोमध नेली, तेव्हा थोरला म्हणाला, "बराबर काढली पोरीनं," आणि धाकटा काही बोलला नाही. मामा म्हणाला, त्याचं न बोलणं म्हणजे होच समज.

नकाशा पुरा झाला आणि ठरल्याप्रमाणे मी तो जावयाला दिला. तेव्हा एवढ्या मोठ्या कागदाची नक्कल काढणं सोपं नव्हतं, आणि मला त्याची गरजही वाटली नाही. पाहणी जावयाच्या नावावर गेल्यामुळे माझ्या प्रबंधात ते प्रकरण "अपरिहार्य कारणास्तव" आलं नाही. ल्युमावर मला पीएच.डी. मिळाली. परीक्षकांनी भाषेची स्तुती केली. मी एका मुलींच्या कॉलेजात शिकवायला लागले आणि तिथे मला कुणी आल्बेनियाबद्दल एकदाही काही विचारलं नाही.

एक-दोन वर्षांत गाव उठलं. मामाला दूरच्या वसाहतीत क्वार्टरसारखं घर मिळालं. घरांना नंबर, रस्ते सरळ, झाड नाही. त्यानंतर जावयाचा प्रबंध मंजूर झाल्याचे पेढे विभागात वाटले गेले, आणि मी नकाशा बघायला धावत गेले.

नकाशा नव्हता. पुढून पाहिलं, मागून पाहिलं, परिशिष्टं पाहिली. मग मी मधूनच वाचायला लागले. सांगाड्याचा नियम पाळला गेला होता. समोर ठेवायला सगळ्यात ताजा प्रबंध माझा होता, म्हणून जावयाने तो टंकलेखकाला दिला होता आणि नावं सांगितली होती: ल्युमाच्या जागी उमरेड, प्रिझरेनच्या जागी नागपूर. तक्ते सगळे सरकारी पुस्तकातले, चोख. ज्वारी इतकी, कापूस इतका, हातमाग इतके. आणि दोन तक्त्यांच्या मध्ये उमरेडात बर्फ पडत होता. हिवाळ्यात उमरेडच्या खिंडी बंद होत होत्या. उमरेडचे धनगर उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन डोंगरमाथ्यावर जात होते. सरहद्द बंद असल्याने उमरेडच्या लोकांना नागपूरच्या बाजाराला जाता येत नव्हतं.

मी प्रबंध तसाच हातात घेऊन जावयाकडे गेले.

"उमरेडात बर्फ पडतो?"

"बर्फ? कुठल्या पानावर?" तो खरंच चकित झाला होता. "मी अजून पूर्ण वाचला नाही हो मॅडम."

"आणि माझा नकाशा?"

तो जरा ओशाळला. सांगाड्यात नकाशाला प्रकरणच नव्हतं, तो म्हणाला. ठेवला होता घरी. लग्नानंतर नवीन घर लावताना बायकोने स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर डब्यांखाली अंथरला, चांगला जाड कागद होता. मग दिवाळीच्या साफसफाईत... पुढचं त्याने हाताने दाखवलं.

मी सरांकडे गेले. मी ओरडले. माझ्या आयुष्यात मी कुणावर तसं ओरडले नाही, ना आधी ना नंतर. मेलेल्या पोराची खोली होती त्यात, असं मी ओरडून सांगितलं, आणि सरांना अर्थातच त्यातलं काही कळलं नाही. माझं संपेपर्यंत ते थांबले. मग शांतपणे म्हणाले, "दोन बाहेरच्या परीक्षकांनी मान्य केलंय. आता पडतो उमरेडात बर्फ." आणि मग थोड्या मायेने, "तुझंच लिखाण आहे, चांगलं आहे. तू कशाला मनाला लावून घेतेस?"

पुढच्या आठवड्यात मामा आमच्याकडे आला. वसाहतीतून नागपूरला यायला त्याला आता दोन गाड्या बदलाव्या लागत. आईने पाणी दिलं. तो भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "परवा जाऊन आलो तिकडे. काठावर उभा राहू देत नाही, दुरूनच पाह्यलं. पार खाली ट्रक चालून राहिले, मुंगीएवढे. आपलं घर कुठी होतं थे समजतच नाही गड्या. दाखवावं तरी काय?" मग माझ्याकडे वळला. "थ्या पुस्तकात आलं ना आपलं गाव?"

प्रबंध टेबलावरच होता, मी परत दिला नव्हता. खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण आई माझ्याकडे बघत होती. मी पानं उलटली. जुन्या कुकेसचा उतारा आता उमरेड तालुक्यातल्या "जुन्या गावाचा" झाला होता. माझीच वाक्यं होती. त्यातलं एक कोणत्याही प्रवासवर्णनात नव्हतं, ते मी मामाला गावात बोट करून फिरताना पाहिलं होतं त्यावरून लिहिलं होतं. मी इंग्रजीतून मराठी करत वाचलं:

"जुनं गाव आता पाण्याखाली आहे. वारा पडला की म्हातारी माणसं काठावर येतात आणि बोटाने दाखवतात. इथे बाजार होता. इथे मशीद होती. इथे आमचं दार होतं."

"मशीद?" आई म्हणाली. "आपल्या गावात कुठी होती मशीद?"

मामाने तिला हाताने गप्प केलं. त्याला ते पुन्हा ऐकायचं होतं. मी पुन्हा वाचलं.

"पाण्याखाली गेलं म्हणून लिवलं?"

"हो मामा. चुकून तसं लिहिलंय."

"राहू दे. चूक नको काढू," तो म्हणाला. "पाणी बरं. पाणी उतरते तरी कधी ना कधी."